सीताफळाचा गर गोठवून ठेवण्याची रीत

सीताफळाचा हंगाम थोडा आणि पिकलेल्या फळाचे आयुष्य त्याहूनही थोडे. आंब्याची पेटी आठवडाभर पुरवून खाता येते, चिकू दोन-चार दिवस कळ काढतो. सीताफळ मात्र सकाळी हाताला कडक लागते, संध्याकाळी मऊ होते आणि दुसऱ्या दिवशी देठाशी उकलून पाणी सोडू लागते. त्यातही एका पाटीतली फळे सगळी एकदमच पिकतात. सासवडकडून किंवा बीडकडून कोणी आपुलकीने पाटीभर सीताफळे आणून दिली, की घरातल्या चार माणसांनी ती दोन दिवसांत संपवायची कशी, हा प्रश्न भाद्रपद-आश्विनात अनेक घरांत उभा राहतो. फळे वाटून टाकणे हे त्याचे एक चांगले उत्तर आहेच. वाटूनही जी उरतात, त्यांचा गर काढून गोठवणे हे दुसरे. नीट गोठवलेला गर उन्हाळ्यात मिल्कशेकला, स्मूदीला, बासुंदीला आणि कुल्फीला ताज्या फळासारखा उपयोगी पडतो.

गोठवणे ऐकायला सोपे वाटते, आणि म्हणूनच ते निष्काळजीपणे केले जाते. माझ्या घरी पहिल्या वर्षी आश्विनात उभट स्टीलच्या डब्यात भरून ठेवलेला गर पौषात पाहुणे आले म्हणून बाहेर काढला, तेव्हा त्याचा वरचा बोटभर थर कोऱ्या चहाच्या रंगाचा झालेला होता आणि त्यावर बर्फाचा भुरभुरीत पापुद्रा धरलेला होता. सुरीने तो थर खरवडून काढल्यावर खाली मात्र गर जसा भरला होता तसाच पांढरास्वच्छ निघाला. फळे त्याच पाटीतली, दिवस तोच, डबाही तोच. वरच्या थराला हवा लागत राहिली आणि खालच्या थराला लागली नाही, एवढाच काय तो फरक होता. पुढे सांगितलेली सगळी रीत या एका निरीक्षणावर उभी आहे: सीताफळाचा गर थंडीने बिघडत नाही, तो हवेने बिघडतो, आणि त्याला सर्वांत जास्त हवा लागते ती फळ उघडल्यापासून पिशवी बंद होईपर्यंतच्या अर्ध्या तासात.

याचे कारण फळातच आहे. सीताफळाच्या गरात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर असते. गर कुस्करला गेला, त्याच्या पेशी फुटल्या आणि त्यावर हवेतील प्राणवायू आला, की हे विकर गरातील फिनॉल गटातल्या द्रव्यांचे तपकिरी रंगद्रव्यांत रूपांतर करू लागते. कापलेले सफरचंद, सोललेला बटाटा आणि चिरलेले वांगे ज्या कारणाने काळे पडते, तेच हे कारण. गोठवल्यामुळे विकराचे काम अतिशय मंदावते, पण विकर नष्ट होत नाही. गर पुन्हा वितळला की ते पुन्हा जोमाने कामाला लागते. भाज्या गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढून या विकरांना निकामी करता येते. सीताफळाच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे, कारण हा गर तापवला की त्याला कडवटपणा येतो आणि त्याचा मूळ सुवासही उडून जातो. आमरस आटवून किंवा बाटल्यांत भरून उकळत्या पाण्यात ठेवून टिकवण्याची आपल्याकडची जुनी पद्धतही इथे चालत नाही. त्याला कडवटपणाखेरीज आणखी एक कारण आहे: आंब्याच्या रसात जो अंगचा आंबटपणा असतो, तो सीताफळात जवळजवळ नसतो, आणि आंबटपणा नसलेला गर घरगुती पद्धतीने बाटलीबंद करणे सुरक्षित नाही. म्हणून सीताफळासाठी थंडी हाच एक भरवशाचा उपाय उरतो.

फळ कोणते आणि कधी

गोठवून फळाचा दर्जा वाढत नाही. जे फळ आज खाताना फिके लागते, ते चैत्रातल्या मिल्कशेकमध्ये त्याहून फिके लागेल, त्यामुळे हे काम हंगामाच्या भरात करावे. पुरंदर तालुक्यात उन्हाळी बहाराची फळे पावसाळ्याच्या तोंडालाच बाजारात येऊ लागतात, पण ती महाग असतात आणि ती ताजीच खावीत. खरी आवक ऑगस्टपासून वाढते. मराठवाड्यात बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगररांगांवर, धारूर आणि अंबाजोगाईच्या परिसरात, सीताफळ पाऊस सरता सरता येते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. नवरात्रापासून दिवाळीपर्यंतचा काळ गर साठवण्यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तोवर फळात गोडी पूर्ण भरलेली असते आणि पावसात भिजून फुटलेली फळे कमी येतात.

जातींचा विचार करायचा झाला, तर बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथील शेतकरी नवनाथ कसपटे यांनी विकसित केलेले आणि बाजारात ‘गोल्डन’ म्हणून ओळखले जाणारे सीताफळ गर काढायला सोयीचे आहे. ते आकाराने मोठे असते, त्यात बिया तुलनेने कमी आणि गर जास्त असतो, आणि पिकल्यावर ते लगेच उकलत नाही. ज्यांना एकट्याने दोन-तीन किलो फळांचे काम उरकायचे आहे, त्यांनी तेच घ्यावे. माझा स्वतःचा कल मात्र डोंगरातल्या लहान गावरान फळांकडे आहे. त्यांत बिया पुष्कळ असतात आणि हाताला काम दुप्पट पडते, पण दुधात मिसळल्यावरही सीताफळाचा वास टिकून राहतो तो त्यांचाच.

फळ निवडताना डोळे पाहावेत. सीताफळाच्या पृष्ठभागावरच्या उंचवट्यांना आपण डोळे म्हणतो. फळ झाडावर पूर्ण भरले, की हे डोळे एकमेकांपासून सुटे होतात आणि त्यांच्या मधल्या खाचा हिरव्या न राहता पिवळसर-पांढऱ्या दिसू लागतात. शेतकरी यालाच डोळे उघडले असे म्हणतात. डोळे उघडण्याआधी तोडलेले फळ कितीही दिवस आढीत ठेवले तरी नीट पिकत नाही. ते आकसते, काळे पडते आणि आतून पिठूळ किंवा दगडासारखे राहते. डोळे उघडलेले पण अजून कडक असलेले फळ घरी आणून वर्तमानपत्रात किंवा गवतात सैल गुंडाळून टोपलीत ठेवावे. ते दोन ते चार दिवसांत तयार होते. या काळात ते फ्रिजमध्ये ठेवू नये. कडक सीताफळाला थंडी सोसत नाही. त्याची साल काळी पडते आणि पिकण्याची क्रियाच बिघडते.

गर काढण्याची नेमकी वेळ ओळखणे महत्त्वाचे आहे. तळहातावर घेऊन अंगठ्याने हलके दाबल्यावर फळ सर्व बाजूंनी सारखे दबले पाहिजे, देठ जरा हलवताच सुटून आला पाहिजे, पण साल उकललेली नसावी आणि देठाच्या खळग्यात पाणी साचलेले नसावे. त्या खळग्याला नाक लावून पाहावे. गोड वास आला तर फळ तयार आहे. किंचितही आंबूस वास आला तर ते आंबायला लागलेले असते, आणि असे एक फळ किलोभर गराची चव बिघडवते. सगळी फळे एकाच दिवशी पिकली आणि हाताशी वेळ नसेल, तर पिकलेली फळे एक दिवस फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. साल काळवंडेल, पण आतला गर चांगला राहील. उलट, थंड फळाचा गर काढणे अधिक बरे, कारण थंड गर सावकाश काळा पडतो. म्हणून मी पिकलेली फळेही गर काढण्यापूर्वी दोन तास मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवते.

गर काढताना

फळे उघडण्यापूर्वी बाकीची सगळी तयारी करून ठेवावी. पिशव्या, चाळणी, पातेली, लिंबाचा रस, वजनकाटा आणि नावे लिहायचे पेन हे सर्व ओट्यावर मांडल्याशिवाय पहिले फळ फोडू नये, कारण ऐनवेळी पिशवी शोधण्यात गेलेली दहा मिनिटे गराच्या रंगावर दिसतात. पातेली स्टीलची, काचेची किंवा चिनी मातीची घ्यावीत. लोखंड, तांबे आणि पितळ यांचा स्पर्श झाल्यास गर लवकर काळा पडतो, त्यामुळे गंजलेली चाळणी किंवा लोखंडी विळीही या कामात नको.

फळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत आणि डोळ्यांमधल्या खाचा मऊ ब्रशने घासाव्यात. या खाचांत पिठ्या ढेकणाचा पांढरा कापसासारखा थर आणि धूळ बसलेली असते, आणि फळ फोडताना ती सरळ गरात पडते. धुतल्यावर फळे फडक्याने पूर्ण कोरडी करावीत. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते फक्त निपचित पडून राहतात. म्हणून हात, भांडी आणि चाळणी स्वच्छ असण्याला इथे नेहमीपेक्षा अधिक महत्त्व आहे.

आता फळ हाताने दोन भागांत उकलावे, मधला दांडा काढून टाकावा आणि चमच्याने पाकळ्या सोडवून पातेल्यात घ्याव्यात. सालीलगत गराचा एक रवाळ, वाळूसारखा लागणारा थर असतो. काटकसर म्हणून तो खरवडून घेण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण तो घेऊ नये. ताजे फळ खाताना तो दाताखाली आलेला फारसा जाणवत नाही. दुधात मिसळल्यावर मात्र मिल्कशेकच्या तळाशी तो कचकचतो आणि पिणाऱ्याला वाटते की दूध नासले. चमचा सालीपासून अर्धा सेंटिमीटर वरच ठेवावा.

सर्वांत कटकटीचे काम बिया वेगळ्या करण्याचे. मिक्सरमध्ये पाकळ्या टाकून एक झटका दिला की बिया सुटतात, असे सांगणारे अनेक भेटतात. त्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. सीताफळाचे बी विषारी असते. त्याची पूड कीड आणि उवा मारण्यासाठी वापरली जात आली आहे, आणि ती डोळ्यांत गेल्यास डोळ्यांना गंभीर इजा होते. अख्खे बी चुकून गिळले गेले तर ते जसेच्या तसे बाहेर पडते, पण फुटलेल्या बीची गोष्ट वेगळी आहे. मिक्सरच्या पात्याने दहांतले एक बी जरी चिरले, तरी त्याचा अंश सगळ्या गरात मिसळतो, आणि तो काढून टाकण्याचा कोणताही उपाय नाही. गरात काळे कण दिसले आणि चव कडवट लागली, तर तो गर टाकून द्यावा. त्यात मन गुंतवू नये.

माझी आत्या हे काम गव्हाच्या चाळणीवर करत असे, आणि मला आजवर त्याहून चांगली रीत सापडलेली नाही. पिठाची चाळणी बारीक असते, तिच्यातून गर उतरत नाही. गव्हाच्या चाळणीची भोके मात्र बीपेक्षा लहान आणि गराला पुरेशी मोठी असतात. ती पातेल्यावर चाळणी ठेवून एका वेळी दोनच मुठी पाकळ्या घेई आणि चार बोटांची टोके जुळवून, जोर न देता, गोल गोल फिरवत राही. बोटांखाली प्रत्येक पाकळीची पातळ पिशवी फुटून बी निसटल्याचे हाताला कळते. मग गर खाली थेंब-थेंब न पडता जाडसर पडद्यासारखा ओघळतो आणि चाळणीत काळ्या चकचकीत बिया तेवढ्या मागे राहतात. त्या बियांना चिकटलेला शेवटचा गर निघावा म्हणून चाळणी आपटू नये किंवा बिया वाटीच्या बुडाने रगडू नयेत. तेवढा गर सोडून द्यावा. स्वयंपाकात वापरतो तो सिलिकॉनचा मऊ कलथाही या कामाला चालतो, पण बोटांना जे कळते ते कलथ्याला कळत नाही.

एका वेळी किलोभरच फळे घ्यावीत. मध्यम आकाराच्या किलोभर फळांतून, म्हणजे चार-पाच फळांतून, साधारण ३५० ते ४५० ग्रॅम गर निघतो. फार बियाळ फळे असतील तर त्याहूनही कमी. पाच किलोंचा गर एकदम काढत बसलात, तर पहिल्या किलोचा गर शेवटचे फळ उघडेपर्यंत तपकिरी झालेला असेल. किलोभर फळांचा गर काढावा, त्यात लिंबू घालावे, पिशव्या भरून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात आणि मगच पुढच्या किलोला हात घालावा. घरात दुसरे माणूस मदतीला असेल, तर एकाने गर काढावा आणि दुसऱ्याने भरावा.

गर निघाला की लगेच त्यात लिंबाचा रस मिसळावा. अर्धा किलो गराला एक लहान चमचा, म्हणजे साधारण पाच मिलिलिटर, रस पुरतो; लिंबातल्या आंबटपणामुळे विकराचे काम मंदावते आणि एवढ्याशा रसाने चवही बदलत नाही की दूधही फाटत नाही. लिंबाऐवजी क जीवनसत्त्वाची शुद्ध पूड, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, वापरता आली तर परिणाम अधिक चांगला होतो, कारण ते हवेतील प्राणवायू स्वतःकडे ओढून घेते. एक किलो गराला अर्धा ग्रॅम, म्हणजे लहान चमच्याचा आठवा भाग, पुरे; ती चमचाभर पाण्यात विरघळवून मग मिसळावी. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या चघळायच्या गोळ्या कुटून घालू नयेत, कारण त्यांत बहुधा नारिंगी रंग आणि संत्र्याचा स्वाद असतो, आणि तो सीताफळाच्या गरात लपत नाही.

साखरेबाबत मते वेगवेगळी आहेत. किलोला १०० ग्रॅम पिठीसाखर मिसळल्यास गराचा रंग आणि पोत अधिक काळ टिकतो, हे खरे. पण सीताफळ मुळातच अतिशय गोड आहे आणि घरात मधुमेही असतील तर बिनसाखरेचाच गर हाताशी असलेला बरा. मी साखर घालत नाही. घालायची असेल तर पिशवीवर तसे लिहावे, म्हणजे वापरताना दुप्पट साखर पडणार नाही. दूध किंवा साय मात्र आधी मिसळून गोठवू नये. गर घोटू किंवा फेटूही नये, कारण फेटताना त्यात हवेचे असंख्य बुडबुडे शिरतात, आणि एवढा वेळ आपण ती हवा बाहेर ठेवण्यासाठीच धडपडत आहोत.

भरणे आणि गोठवणे

डब्यापेक्षा झिप असलेली, फ्रीजरसाठीची जाड प्लॅस्टिक पिशवी चांगली. डब्यात गरावर हवेचा थर राहतोच. पिशवीतून ती हवा काढून टाकता येते. एका पिशवीत २०० ग्रॅम गर भरावा, म्हणजे दोन मोठ्या पेल्यांच्या मिल्कशेकला पुरेल इतका. एकदा वितळलेला गर पुन्हा गोठवता येत नाही, म्हणून मोठ्या पिशव्या भरण्यात शहाणपण नाही. पिशवीचे तोंड कपासारखे बाहेर दुमडून ती एका उभ्या पेल्यात बसवावी आणि मग गर ओतावा, म्हणजे झिपच्या खाचेला गर लागणार नाही. खाच चिकट झाली की पिशवी नीट बंद होत नाही आणि सारी मेहनत वाया जाते.

हवा काढण्याची सोपी युक्ती अशी आहे. झिप एका कोपऱ्यात बोटभर उघडी ठेवून बाकी बंद करावी आणि पिशवी उभी धरून पाण्याने भरलेल्या पातेल्यात हळूहळू खाली सोडावी. पाण्याच्या दाबाने पिशवी गराला चारी बाजूंनी चिकटत जाते आणि हवा वरच्या कोपऱ्यातून निघून जाते. पाणी झिपच्या जवळ आले की कोपरा दाबून बंद करावा आणि पिशवी बाहेर काढून पुसावी. याला अर्धे मिनिटही लागत नाही.

मग ती पिशवी ताटात आडवी ठेवून तळहाताने सपाट करावी. जाडी दीड ते दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. सपाट करण्यामागे केवळ जागेची सोय नाही. गर जितका सावकाश गोठतो, तितके त्यात बर्फाचे खडे मोठे होतात. हे खडे पेशी फाडतात, आणि वितळल्यावर गर एकीकडे व पाणी एकीकडे अशी अवस्था होते. पातळ पिशवी थोड्या वेळात आरपार गोठते, त्यामुळे खडे बारीक राहतात. शिवाय अशी पिशवी वापरताना हाताने मोडून हवा तेवढा तुकडा घेता येतो. एका दिवशी फ्रीजरमध्ये फार पिशव्याही भरू नयेत आणि पहिल्या दिवशी त्या एकावर एक रचू नयेत. एकेक ताट वेगळे ठेवावे आणि पूर्ण गोठल्यावर वह्यांसारख्या उभ्या लावून ठेवाव्यात.

लहान मुलांसाठी थोडा थोडा गर लागत असेल, तर बर्फाच्या ट्रेमध्ये तो गोठवून, वड्या सुटल्याबरोबर त्या पिशवीत भराव्यात. वड्यांना सर्व बाजूंनी हवा लागते, त्यामुळे त्या महिन्या-दीड महिन्यात संपवाव्यात. डबाच वापरायचा असेल, तर गोठताना गर फुगतो म्हणून वर बोटभर जागा ठेवावी आणि गराच्या पृष्ठभागावर प्लॅस्टिकचा कागद अगदी चिकटवून मगच झाकण लावावे. पिशवीवर तारीख, वजन आणि लिंबू घातले की साखर, हे पक्क्या शाईने भरण्याआधी लिहावे. ओल्या, थंड पिशवीवर शाई धरत नाही.

गर किती दिवस टिकेल, हे फ्रीजरवर अवलंबून आहे. उणे १८ अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली स्थिर राहणाऱ्या फ्रीजरमध्ये तो सहा ते आठ महिने चांगल्या चवीचा राहतो. एकाच दाराच्या जुन्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा सहसा इतका थंड होत नाही. तिथे दोन-अडीच महिन्यांचाच हिशेब धरावा. आपल्या फ्रीजरची ताकद कळण्यासाठी थर्मामीटर नसला तरी चालेल: रात्रभर ठेवलेली गराची पिशवी बोटाने दाबून पाहावी. सीताफळात साखर भरपूर असल्याने तो पाण्याइतका चटकन कडक होत नाही, आणि त्यामुळे कमी थंड कप्प्यात तो आइस्क्रीमसारखा मऊ राहतो. बोटाने खळगा पडत असेल, तर तिथे गर उन्हाळ्यापर्यंत ठेवण्याची आशा धरू नये. गराच्या पिशव्या दारातल्या कप्प्यात न ठेवता आत, मागच्या बाजूला ठेवाव्यात.

गावाकडे वीज जाण्याची चिंता असते. पूर्ण भरलेला डीप फ्रीजर दार न उघडता ठेवल्यास सुमारे ४८ तास गारवा धरतो आणि अर्धा भरलेला २४ तास. फ्रिजच्या वरच्या लहान कप्प्यात एवढा अवधी मिळत नाही. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या, तर अवधी वाढतो. वीज आल्यावर पिशवीत बर्फाचे खडे अजून जाणवत असतील तर गर वापरण्याजोगा आहे, पण तो त्याच आठवड्यात वापरून टाकावा. पूर्ण पातळ आणि कोमट झाला असेल तर ठेवू नये.

वापरताना

मिल्कशेकसाठी गर वितळवायचीच गरज नाही, आणि वितळवू नयेच. २०० ग्रॅमची पिशवी वरून दोन-तीन ठिकाणी मोडावी, तुकडे मिक्सरच्या भांड्यात घालावेत, वर ३०० मिलिलिटर थंडगार दूध ओतावे आणि थांबून थांबून फिरवावे. बिया आधीच काढलेल्या असल्याने आता मिक्सर निर्धास्तपणे वापरता येतो. बर्फ घालू नये. गोठलेला गर हाच बर्फाचे काम करतो आणि दूध पाणचट होत नाही. साखर चाखून मगच घालावी, बहुधा लागत नाही. वेलदोडा, केशर, व्हॅनिला यांपैकी काहीही घालू नये असे माझे मत आहे, कारण सीताफळाचा सुवास नाजूक असतो आणि तो कोणत्याही मसाल्याखाली दबतो. प्यायला दिलेला पेला अर्ध्या तासात संपावा. गर वितळला की रंग बदलू लागतोच.

स्मूदीसाठी दुधाऐवजी घट्ट, गोड दही वापरता येते, आणि एखादे केळे घातले तर पोटभर न्याहारी होते. ज्यांच्याकडे स्मूदीसाठी ॲव्होकॅडो आणले जातात, त्यांना ही सगळी रीत त्या फळालाही लावता येईल. त्याचा गरही त्याच विकरामुळे काळा पडतो, त्यालाही लिंबू, हवाबंद सपाट पिशवी आणि झटपट गोठणे एवढेच लागते. फोडी करून गोठवलेले ॲव्होकॅडो वितळल्यावर लिबलिबीत होते, पण कुस्करून गोठवलेले स्मूदीत उत्तम मिसळते. अमेरिकेत किंवा स्पेनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना सीताफळ दुर्मीळ असले, तरी त्याचे भावंड असलेले चेरिमोया तिथे मिळते. कॅलिफोर्नियात आणि स्पेनच्या ग्रानादा-मालागा किनाऱ्यावर त्याची शेती होते. त्यात बिया थोड्या आणि मोठ्या असल्याने काम अर्धेच राहते, पण त्याच्या बियांबद्दलची सावधगिरी तशीच बाळगावी. आपल्याकडचे रामफळ थंडी संपता संपता येते. त्याच्या गरालाही हीच पद्धत चालते.

बासुंदी किंवा रबडी करायची असेल, तर पिशवी आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवावी. ओट्यावर किंवा गरम पाण्यात वितळवू नये. पिशवी न उघडता वितळली, तर आत हवा नसल्याने गर पांढरा राहतो. उघडल्यावर मात्र लगेच वापरावा. दूध आटवून, साखर विरघळवून, बासुंदी पूर्ण थंड झाल्यावरच गर तिच्यात मिसळावा. कोमट बासुंदीत घाई करून गर घातला, की तासाभरात तिला एक तुरट-कडवट झाक येते आणि मग कितीही साखर घातली तरी ती जात नाही. लिटरभर दुधाच्या बासुंदीला २०० ग्रॅमची एक पिशवी पुरते. गर घातल्यावर ती पुन्हा गॅसवर ठेवू नये आणि त्याच दिवशी संपवावी.

नव्या बहाराची फळे येण्यापूर्वी, साधारण ज्येष्ठात, फ्रीजर एकदा रिकामा करून पाहावा. तोवर राहिलेल्या पिशव्यांत कुठे कोपऱ्याला तपकिरी छटा आलेली दिसेल. वास आणि चव चांगली असेल तर तो गर टाकण्याचे कारण नाही. तेवढा तपकिरी भाग चमच्याने काढावा आणि उरलेला कुल्फीत घालावा. लिटरभर दूध आटवून निम्मे करावे, साखर नेहमीपेक्षा कमी घालावी, ते फ्रिजमध्ये थंडगार होऊ द्यावे, मग २०० ते २५० ग्रॅम गर हलक्या हाताने मिसळून साच्यांत भरावे आणि साचे रात्रभर गोठू द्यावेत.